आकाशाला एकच कायदा देणारा सेनानी

दाबोळी किंवा मोपा येथून उडालेले प्रवासी विमान ढगांत शिरते, तेव्हा खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या मनाला समोरून दुसरे विमान येऊन आदळेल अशी भीती सहसा शिवत नाही. जमिनीवर कोणीतरी बसलेला आहे, त्याला आपले विमान दिसते आहे, इतरांचीही दिसत आहेत आणि प्रत्येकाची उंची व वाट त्याने आखून दिली आहे, हे त्याने मनोमन गृहीत धरलेले असते. हा विश्वास विमानाबरोबर जन्माला आलेला नाही. प्रवासी वाहतूक सुरू झाल्यानंतरही कित्येक वर्षे आकाशातील टक्कर टाळण्याचे मुख्य साधन एकच होते, ते म्हणजे वैमानिकाचे डोळे. डोळ्यांवरचा हा भरवसा पुरेसा नाही. लष्कराचे लढाऊ विमान, शंभर उतारूंचे प्रवासी विमान आणि हौशी माणसाचे चिमुकले विमान या तिघांनाही एकाच सत्तेच्या नियमाखाली यावे लागेल, ही गोष्ट अमेरिकेत कायद्याच्या बळावर अमलात आणण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, ते लेफ्टनंट जनरल एलवुड रिचर्ड केसाडा. सारे जग त्यांना ‘पीट’ या नावाने ओळखत असे.

केसाडा यांचा जन्म १३ एप्रिल १९०४ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. वडील स्पॅनिश, आई आयरिश वंशाची अमेरिकन. शिक्षणात फार चमक दाखवावी असा या मुलाचा पिंड नव्हता. खेळाची मात्र विलक्षण ओढ होती. १९२४ साली त्यांनी लष्कराच्या हवाई शाखेत शिकाऊ वैमानिक म्हणून नाव नोंदवले आणि टेक्सासमधील ब्रुक्स फील्ड येथे उड्डाणाचे धडे घेतले. त्या काळी विमान म्हणजे लाकूड, तारा आणि कापड यांची जुळणी. वैमानिकाने धाडसी असावे, डोके थंड ठेवावे आणि नजर तीक्ष्ण ठेवावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. हे तिन्ही गुण केसाडा यांच्या अंगी भरपूर होते.

त्यांचे नाव प्रथम देशभर झाले ते १९२९ च्या पहिल्या आठवड्यात. ‘क्वेश्चन मार्क’ नावाच्या फोकर विमानातून पाच जणांची एक तुकडी १ जानेवारीला कॅलिफोर्नियाच्या आकाशात चढली. मेजर कार्ल स्पाट्झ प्रमुख, कॅप्टन आयरा ईकर, लेफ्टनंट हॅरी हॅल्व्हर्सन, सार्जंट रॉय हू आणि चोवीस वर्षांचे लेफ्टनंट केसाडा. जमिनीवर न उतरता विमान किती काळ हवेत राहू शकते, हे पाहावयाचे होते. दुसरे विमान वरून येई, नळी खाली सोडी, फोकरमधला माणूस छपरातील झरोक्यातून वर येऊन ती पकडी आणि पेट्रोल टाकीत उतरू लागे. अन्न, तेल, निरोप, सारे याच मार्गाने. एकदा नळी निसटून स्पाट्झ पेट्रोलने नखशिखांत भिजले. अखेर इंजिनाने दम तोडला, तेव्हा १५० तास आणि ४० मिनिटे लोटली होती. दोन विमाने एकमेकांपासून काही हातांच्या अंतरावर, रात्रीच्या अंधारातही, जाणूनबुजून नेण्याचे हे कसब होते. ज्या माणसाने पुढे विमानांना एकमेकांपासून कोसभर दूर ठेवण्याचा ध्यास घेतला, त्याची कीर्ती विमाने इतक्या जवळ नेण्यातून सुरू झाली, हा त्यांच्या चरित्रातील एक बोलका योगायोग आहे.

दुसऱ्या महायुद्धात केसाडा यांच्या कर्तृत्वाला पूर्ण वाव मिळाला. उत्तर आफ्रिकेत लढाऊ विमानांचे नेतृत्व केल्यावर ते इंग्लंडमध्ये आले आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीत भूदलाला हवेतून साह्य देणाऱ्या नवव्या टॅक्टिकल एअर कमांडचे प्रमुख झाले. सैन्य किनाऱ्यावर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते स्वतः फ्रान्समध्ये पोहोचले. रणगाड्यांचे अधिकारी आणि वरून उडणारे वैमानिक यांची भाषा एकमेकांना कळत नाही, ही अडचण त्यांनी चटकन हेरली. उपायही साधा काढला. विमानात वापरतात तोच रेडिओ त्यांनी रणगाड्यात बसवला आणि त्याच्यापुढे प्रत्यक्ष एक वैमानिक बसवला. खालच्या माणसाने वरच्याला शब्दांनी वाट दाखवावयाची. शत्रूची विमाने हुडकण्यासाठी आणलेली रडार यंत्रे त्यांनी स्वतःच्या विमानांना ढगांतून लक्ष्यापर्यंत नेण्यासाठी वापरली. आकाशातील माणसाची दृष्टी जेथे संपते, तेथे जमिनीवरच्या माणसाच्या हाती रेडिओ आणि रडार असेल तर तो त्याचा डोळा होऊ शकतो, हे त्यांनी रणांगणावर पाहिले. पुढच्या आयुष्यातील त्यांच्या कार्याचे बीज येथेच सापडते.

त्याच वर्षी ४ जुलै रोजी त्यांनी आणखी एक साहस केले. एका मस्टँग लढाऊ विमानात आपल्या मागे जागा करून त्यांनी सरसेनापती आयझेनहॉवर यांना बसवले आणि फ्रान्समधील युद्धआघाडीवरून फिरवून आणले. सरसेनापतींनी असा धोका पत्करावा का, यावरून नंतर बरीच कुजबुज झाली. पण त्या उड्डाणात जुळलेला विश्वास टिकला. बारा-तेरा वर्षांनी आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना आकाशाचा गुंता सोडवण्यासाठी त्यांना माणूस हवा झाला, तेव्हा त्यांना याच वैमानिकाची आठवण झाली.

दरम्यान केसाडा यांच्या वाट्याला निराशाही आली होती. युद्धानंतर १९४६ मध्ये ते नव्या टॅक्टिकल एअर कमांडचे पहिले प्रमुख झाले. पण नव्याने स्वतंत्र झालेल्या हवाई दलाचे सारे लक्ष अणुबाँब वाहणाऱ्या बाँबफेकी विमानांकडे लागले होते. भूदलाच्या खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या विमानांना दुय्यम स्थान मिळू लागले आणि १९४८ च्या अखेरीस त्यांच्या कमांडचे महत्त्व कमी करण्यात आले. पॅसिफिकमधील एनिवेटॉक बेटावरील अणुचाचण्यांच्या संयुक्त दलाचे नेतृत्व केल्यावर, १९५१ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. काही काळ लॉकहीड कंपनीच्या क्षेपणास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. एखाद्या सेनानीची कहाणी येथेच संपली असती, तरी ती अपुरी वाटली नसती.

पण आकाशात वेगळेच संकट दाटत होते. ३० जून १९५६ रोजी सकाळी लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून तीन मिनिटांच्या अंतराने दोन विमाने सुटली. एक टीडब्ल्यूए कंपनीचे, कॅन्सस सिटीकडे. दुसरे युनायटेड कंपनीचे, शिकागोकडे. ढगांच्या वरून, नियंत्रकाच्या देखरेखीबाहेरच्या आकाशात, एकमेकांना पाहून वाट काढण्याच्या नियमावर ती चालली होती. साडेदहाच्या सुमारास, सुमारे २१ हजार फूट उंचीवर, ग्रँड कॅन्यनच्या अथांग दरीवर ती एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील १२८ जणांपैकी एकही वाचला नाही. टीडब्ल्यूएच्या वैमानिकाने मागितलेली उंची नियंत्रकांनी आधी नाकारली होती, पण ढगांपेक्षा हजार फूट वर राहण्याची परवानगी दिली होती. त्या क्षणापासून टक्कर टाळण्याची जबाबदारी त्याच्या डोळ्यांवर आली. सारे काही नियमाप्रमाणेच घडले होते. दोष होता तो नियमातच.

डोळे का अपुरे पडतात, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला ५०० मीटरने घटते. पाच किलोमीटरवरचे विमान दहा सेकंदांत येऊन भिडते. दिसलेली वस्तू विमान आहे हे ओळखणे, ते आपल्याच वाटेवर आहे हे जाणणे, काय करावे ते ठरवणे आणि अवजड यंत्राने प्रत्यक्ष वळण घेणे, यालाच दहा-बारा सेकंद सहज लागतात. त्याहून घातक गोष्ट निराळीच आहे. जे विमान आपल्याशी टक्कर घेण्याच्या मार्गावर असते, ते समोरच्या काचेवर सरकताना दिसत नाही. एकाच ठिकाणी ठिपक्यासारखे स्थिर राहते आणि अगदी शेवटच्या क्षणी एकाएकी मोठे होते. माणसाची नजर हलणाऱ्या वस्तूकडे चटकन वळते, स्थिर ठिपक्याकडे वळत नाही. समोरचे विमान लहान असेल, आपल्या नाकाच्या खाली किंवा पंखाच्या आड असेल, पार्श्वभूमीला शहरातील घरांची गर्दी असेल, तर कसलेल्या वैमानिकालाही ते दिसेलच असे नाही.

या नैसर्गिक मर्यादेत माणसांनी निर्माण केलेल्या गोंधळाची भर पडली होती. अमेरिकेचे आकाश तेव्हा वाटले गेले होते. नागरी विमानांसाठी एक खाते, लष्करी विमानांसाठी लष्कराची स्वतःची व्यवस्था, दिशादर्शक यंत्रणासुद्धा वेगवेगळ्या. लष्कराच्या वेगवान जेट विमानांचे सराव प्रवासी मार्गांच्या आसपास चालत आणि एका व्यवस्थेला दुसरीची खबर नसे. आयझेनहॉवर यांनी एडवर्ड कर्टिस यांच्याकडे या प्रश्नाचा अभ्यास सोपवला होता. त्यांच्या अहवालानंतर १९५७ मध्ये हवाई मार्गांच्या आधुनिकीकरणासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि केसाडा त्याचे अध्यक्ष झाले.

मंडळाचे काम सुरू असतानाच १९५८ चा वसंत ऋतू दोन घाव घालून गेला. २१ एप्रिल रोजी लास व्हेगासजवळ युनायटेडचे प्रवासी विमान आणि हवाई दलाचे एफ-१०० जेट यांची टक्कर होऊन ४९ जण दगावले. महिना पुरा होतो न होतो तोच, २० मे रोजी, मेरीलँडमधील ब्रन्सविकजवळ कॅपिटल कंपनीच्या व्हायकाउंट विमानावर प्रशिक्षणाचे छोटे टी-३३ जेट आदळले आणि बारा जणांचे प्राण गेले. दोन्ही वेळा हवा स्वच्छ होती. दुसऱ्याच दिवशी सिनेटर माइक मन्रोनी यांनी नवे विधेयक मांडले आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी आयझेनहॉवर यांच्या सहीने त्याचा कायदा झाला. आकाशाचा वापर कोणी, केव्हा, कोणत्या उंचीवर करावयाचा, हे ठरवण्याचा अधिकार लष्करी आणि नागरी असा भेद न करता फेडरल एव्हिएशन एजन्सी या एकाच स्वतंत्र संस्थेकडे आला. तिचे पहिले प्रशासक म्हणून केसाडा यांची निवड झाली. कायद्याची अट अशी होती की प्रशासक नागरी व्यक्तीच असावी. दीर्घ सेवेने मिळवलेले लष्करी पद केसाडा यांनी त्यासाठी सोडून दिले. लष्कराला आकाशातील मक्तेदारी सोडावयास सांगणाऱ्याने आधी स्वतःचा गणवेश उतरवावा, हे त्या काळाला साजेसे होते.

नव्या पदावर त्यांनी सैनिकी धडाक्याने काम सुरू केले आणि त्याच धडाक्याने शत्रूही जमवले. प्रवासी विमानांच्या वैमानिकांवर त्यांच्या निरीक्षकांची करडी नजर राहू लागली. उड्डाणात कारणाशिवाय जागा सोडणाऱ्याची गय होईना. वयाच्या साठाव्या वर्षानंतर कोणी प्रवासी विमान चालवू नये, हा नियम त्यांनी १९६० मध्ये लागू केला. वैमानिकांची संघटना खवळून न्यायालयात गेली. लष्करी अधिकाऱ्यांना आपला माणूस परका झाल्याचे वाटले. आणि छोट्या खासगी विमानांचे मालक तर त्यांना स्वातंत्र्याचा वैरीच समजू लागले.

छोट्या विमानवाल्यांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. शेतकरी, डॉक्टर, व्यापारी, हौशी तरुण अशा हजारोंसाठी विमान हे मोटारीसारखे साधन होते. नकाशा मांडीवर घ्यावा, खाली नदी आणि रूळ पाहत जावे, कोणाला विचारावे लागू नये, यातच त्यांना उड्डाणाचा आनंद होता. महागडी उपकरणे बसवा, परवानगी मागा, या उंचीवर येऊ नका, असे सांगणारी सत्ता त्यांना नको होती. आकाश आज कंपन्यांच्या सोयीसाठी हिरावले जात आहे, उद्या आमच्यासाठी काही उरणार नाही, ही त्यांची भीती होती. केसाडा यांची भूमिका याउलट होती. आकाश ही साऱ्या राष्ट्राची सामायिक संपत्ती आहे; ते कंपनीचे नाही, लष्कराचे नाही आणि हौशी वैमानिकाचेही नाही, असे ते मानत. ज्या प्रवाशाने केवळ तिकीट काढले आहे आणि ज्याच्या हाती कोणतेही सुकाणू नाही, त्याचा जीव कोणाच्या तरी नजरेच्या भरवशावर टांगता ठेवता येणार नाही, हे त्यांच्या आग्रहाचे मूळ होते. म्हणून त्यांच्या कारकिर्दीत उंचावरील काही आकाश असे राखले गेले की तेथे हवा कितीही स्वच्छ असो, नियंत्रकाच्या परवानगीशिवाय कोणीही शिरू नये. खालचे बरेचसे आकाश छोट्या विमानांना मोकळेच राहिले. हा तोल नेमका कोठे साधावा, याचा वाद आजही मिटलेला नाही.

सत्तेच्या अखेरच्या महिन्यात नियतीने त्यांची कठोर परीक्षा घेतली. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर, ढगाळ आणि हिमवर्षावाच्या हवेत, युनायटेडचे डीसी-८ जेट आणि टीडब्ल्यूएचे कॉन्स्टेलेशन विमान यांची टक्कर झाली. एक विमान स्टेटन बेटावर कोसळले, दुसरे ब्रुकलिनमधील भर वस्तीत. विमानांतील १२८ आणि जमिनीवरील सहा, असे १३४ बळी गेले. या वेळी दोन्ही विमाने नियंत्रकांच्या देखरेखीखाली होती. जेट विमानाचे एक दिशादर्शक यंत्र बंद पडलेले होते, ही गोष्ट वैमानिकांनी नियंत्रकांना कळवली नव्हती, आणि नेमून दिलेल्या जागी थांबण्याऐवजी विमान प्रचंड वेगाने पुढे निघून गेले होते. एक कायदा, एक सत्ता हे सारे आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते. जेटच्या वेगाला जुनी यंत्रे आणि जुन्या सवयी पुरत नव्हत्या. त्यानंतर उपकरण बिघडल्यास तत्काळ कळवण्याची सक्ती, विमानतळाजवळ वेगाची मर्यादा आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राची अट हे नियम आले. केसाडा मात्र जानेवारी १९६१ मध्ये आयझेनहॉवर यांच्या राजवटीबरोबर पायउतार झाले. पुढे त्यांनी वॉशिंग्टनच्या बेसबॉल संघात भागीदारी केली आणि शहरातील लांफाँ प्लाझा या भव्य बांधकामाच्या उभारणीत पुढाकार घेतला.

त्यांनी छेडलेला प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा रक्त मागत राहिला. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोवर बोइंग ७२७ आणि चिमुकले सेस्ना यांची टक्कर झाली. १४४ जण गेले. सेस्नाची सूचना जेटच्या वैमानिकांना मिळाली होती, पण ते मागे गेले असावे अशी त्यांची समजूत झाली. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस उपनगरावर एरोमेक्सिकोचे डीसी-९ आणि परवानगीविना नियंत्रित आकाशात शिरलेले छोटे पायपर विमान आदळले. जमिनीवरील पंधरा धरून ८२ जण मृत्युमुखी पडले. मग अमेरिकेच्या काँग्रेसने १९८७ मध्ये प्रवासी विमानांत टक्कररोधक यंत्र बसवण्याचा कायदा केला. हे यंत्र आसपासच्या विमानांतील ट्रान्सपाँडरला सतत साद घालते, टक्करीस किती सेकंद उरले ते मोजते आणि वैमानिकाला वर चढण्याचा किंवा खाली उतरण्याचा आदेश देते. पण समोरच्या विमानातील ट्रान्सपाँडरने उत्तर दिले, तरच त्याला ते दिसते. म्हणून मोठ्या विमानतळांच्या परिसरात छोट्या विमानांनाही उंची कळवणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला. स्वातंत्र्याची थोडी किंमत देऊन सर्वांनी एकमेकांना दिसावे, ही केसाडा यांची भूमिका अखेर यंत्रानेच पटवून दिली. मोठ्या प्रवासी विमानांत हे यंत्र बसवण्याची मुदत १९९३ च्या अखेरीस संपत होती. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला फ्लोरिडामध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, केसाडा यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.

ही सारी हकिकत दूरदेशीची वाटली, तरी आपल्यापासून ती फारशी दूर नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने आदळून ३४९ जण गेले, तेव्हा दिल्लीच्या आकाशाचा बराच भाग हवाई दलाकडे होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नागरी विमानांना एकच अरुंद वाट उरली होती. त्या दुर्घटनेनंतर भारताने टक्कररोधक यंत्र सक्तीचे केले आणि जाण्या-येण्याच्या वाटा निराळ्या केल्या. गोव्यात तर दाबोळीचा विमानतळ म्हणजे नौदलाचा ‘हंसा’ तळच. तेथे नौदलाच्या सरावाचे तास आणि पर्यटकांच्या विमानांची वेळापत्रके यांची सांगड कित्येक वर्षे घालावी लागली आहे. १ ऑक्टोबर २००२ रोजी नौदलाची दोन आयएल-३८ विमाने दाबोळीजवळ हवेत आदळली आणि त्यांतील बाराही जणांना वीरमरण आले, हे गोमंतकीय विसरलेले नाहीत.

केसाडा यांच्या स्वभावात उद्धटपणा होता, घाई होती, विरोधकाचे ऐकून घेण्याची फारशी तयारी नव्हती, असे त्यांचे टीकाकार म्हणत आणि त्यात तथ्य होते. पण आयुष्यभर स्वतःच्या नजरेवर आणि धाडसावर उडालेल्या या वैमानिकाने, नजर आणि धाडस यांवर इतरांचा जीव सोपवता येत नाही, हे ओळखले आणि ते मान्य करण्याची किंमत सर्वांआधी स्वतः मोजली. ढगांत शिरणाऱ्या विमानातला प्रवासी आज निश्चिंतपणे डोळे मिटतो, त्यामागे अशा अनेकांचे ऋण आहे. त्यांत केसाडा यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागेल.